हे कोणाच्या डोक्यातलं?
(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. के.जी.पासून दहावीपर्यंत शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड पडायचा, आणि मी तो बरेचदा भरला आहे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला नावं ठेवू नका. इंग्लिश सेक्शनला लेख देता आला असता. पण ज्यांच्यामुळे हा लेख सुचला ते माझे आजोबा इंग्लिश सेक्शन वाचू शकले नसते. (तसे ते आता कुठलंच सेक्शन वाचू शकणार नाहीत. पण ते पुढे.)

तर झालं असं की सहाव्या सेमिस्टरला सेमिनारचे विषय द्यायचे होते. आमच्या वर्गात विषय कसे ठरतात हे तुम्हाला माहीत आहेच. आदल्या रात्री सिनिअरची फाइल मिळाली की तोच विषय. तीन जणांनी बुर्ज खलिफा घेतला, दोघांनी वांद्रे-वरळी सी लिंक, एकाने ग्रीन काँक्रीट. ग्रीन काँक्रीट दरवर्षी कोणीतरी घेतंच. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "सर, हेन्री मेड."

"कोण मेड?"

"नागपूर हायकोर्टाचा आर्किटेक्ट, सर."

मागच्या बेंचवरून लगेच आवाज आला, "मेड इन इंग्लंड की मेड इन इंडिया?" अख्खा वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "अगं, हा सिव्हिलचा सेमिनार आहे, इतिहासाचा नाही. यात टेक्निकल काय आहे?" मी म्हटलं, "घुमट आहे, सर." सरांनी दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मला वाटतं लंच ब्रेक व्हायला आला होता म्हणून.

त्या हसण्यात मला थोडा रागही आला आणि थोडं बरंही वाटलं. कारण प्रश्न बरोबरच होता. हा माणूस इंग्लंडमध्ये घडला की इथे? आणि माझा त्याच्याशी संबंध काय?

संबंध सांगते.

आमचं गाव आमगाव तालुक्यात. मी लहान असताना, खरं तर माझ्या जन्माच्याही आधी, आमच्या धानाच्या शेतातून नहर गेला. (पुस्तकातला 'कालवा' म्हणजे आमच्याकडची नहर. कालवा म्हटलं तर आमच्या गावात कोणी वळूनही पाहणार नाही.) आजोबांच्या सगळ्यात चांगल्या बांध्या गेल्या, ज्यांच्यात पाणी सर्वात आधी यायचं आणि सर्वात शेवटी आटायचं त्या. मोबदला मिळाला, पण आजोबांच्या मते तो पडीक जमिनीचा भाव होता. ते खालच्या कोर्टात गेले. तिथे थोडी रक्कम वाढली. वाढलेल्या रकमेवरही समाधान झालं नाही म्हणून अपील, आणि अपील म्हणजे नागपूर.

वकीलसाहेब दर वेळी सांगायचे, "काका, तुम्ही यायची गरज नाही, मी आहे ना." पण आजोबांना ते पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, ज्याचं जमीन गेलं त्याचं तोंड जजसाहेबांना दिसलं पाहिजे. बाबा राइस मिलमध्ये मुनीम, सीझनमध्ये त्यांना सुट्टी नाही. काकांना तारखा लक्षात राहत नाहीत. मग आजोबा मला घेऊन जायचे. मी तेव्हा चौथी-पाचवीत. का तर, "पोट्टीले इंग्रजी वाचता येते."

हे माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचं पहिलं प्रॅक्टिकल!

गोंदियाहून पहाटेची गाडी. गंगाझरी, काचेवानी, तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, मग कन्हानचा पूल, कामठी, इतवारी आणि नागपूर. ही स्टेशनं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. आजीने दिलेल्या डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी असायची. ती कामठी यायच्या आत संपायची. नागपूर स्टेशनवरून सिव्हिल लाइन्सला ऑटो. आणि मग ती इमारत.

एप्रिल महिन्यात नागपूरचं ऊन काय असतं ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. ऑटोतून उतरलं की डांबर चपलेला चिकटायचं. पण हायकोर्टाच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं की एकदम... कसं सांगू? विहिरीच्या पायऱ्या उतरताना वाटतं तसं. जाड भिंती, उंच छत, दगडाची सावली. आजोबा टोपी काढून कपाळ पुसायचे आणि दर वेळी तेच वाक्य म्हणायचे, "थंड वाटते, नाई?"

माझं काम म्हणजे बोर्डावरची यादी वाचून आमचा नंबर शोधणं आणि नंतर वकीलसाहेबांनी दिलेल्या कागदाचा अर्थ सांगणं. एकदा कागदावर 'पार्ट हर्ड' लिहिलं होतं. मी सरळ मराठी करून सांगितलं, "आजोबा, अर्धं ऐकलं." आजोबा एवढे हसले की बाजूच्या बाकावरचे लोक बघायला लागले. "अर्धंच आयकलं? मंग अर्धं पुढच्या तारखेले आयकतीन. चाल, भूक लागली."

नंबर यायला वेळ असायचा. तेव्हा आम्ही मधल्या घुमटाखाली जाऊन उभे राहायचो. आजोबा मान वर करून बराच वेळ पाहत राहायचे. मला कंटाळा यायचा. एकदा त्यांनी विचारलं, "हे कोणं बांधलं असन वं?"

मी हुशारीने म्हटलं, "ब्रिटिशांनी."

"ब्रिटिश का दगडं वाहून राहिले होते का? बांधलं त आपल्याच लोकायनं. मी इचारून राहिलो, हे डोक्यात कोणाच्या आलं?"

मला माहीत नव्हतं. पाचवीच्या मुलीला कसं माहीत असणार? पण 'माहीत नाही' म्हणायची मला शाळेतून सवय नव्हती, म्हणून मी म्हटलं, "क्वीन व्हिक्टोरिया." आजोबांनी मान हलवली. त्यांना ते अजिबात पटलेलं नव्हतं, हे मला आजही आठवतं.

आजोबांना अपमान वाटला असेल का, असा प्रश्न मला आता पडतो. म्हणजे एवढा मोठा प्रश्न विचारला आणि नातीने उडवून लावला. तर हा सेमिनार म्हणजे ते जुनं उत्तर दुरुस्त करण्याचा प्रयत्न आहे असं समजा.

उत्तर असं. हेन्री अलेक्झांडर नेस्बिट मेड. जन्म १८९२. राणी व्हिक्टोरिया १९०१ सालीच गेली, म्हणजे माझं उत्तर साधारण चाळीस वर्षांनी चुकलं होतं!

मेडची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी दिल्लीला जावं लागतं. १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली, आणि नवं शहर बांधायचं काम मुख्यतः दोन बड्या आर्किटेक्टकडे आलं, एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर. लुटियन्सचं व्हाइसरॉय हाउस म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन. बेकरची दोन सचिवालयं, नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक, आणि ते गोल संसद भवन. हे दोघे आधी मित्र होते. पण रायसीना टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याचा चढ किती ठेवायचा यावरून त्यांचं बिनसलं. चढ असा झाला की खालून येताना लुटियन्सचा राजवाडा मध्येच दिसेनासा होतो आणि बेकरची सचिवालयं तेवढी समोर राहतात. लुटियन्स म्हणायचा की माझं वॉटर्लू नाही, 'बेकर्लू' झालं! सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आम्ही ग्रेडियंट काढतो तेव्हा एवढ्या ग्रेडियंटपायी दोन माणसं वर्षानुवर्षं नीट बोलली नाहीत हे कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर मी लेव्हलिंगचं जर्नल जरा मन लावून लिहिलं असतं.

या दोघांच्या भांडणाच्या मधोमध आपला मेड. तो आधी लुटियन्सच्या ऑफिसात होता, मग बेकरकडे गेला आणि १९१९ मध्ये बेकरचा माणूस म्हणून दिल्लीत आला. वय सत्तावीस. साहेब लोक वर्षातले थोडे महिने भारतात येणार, बाकी लंडनमध्ये. उन्हात साइटवर उभं राहायचं, नकाशातली रेघ दगडात बरोबर उतरते की नाही बघायचं, हे मेडसारख्यांचं काम. आपल्या भाषेत साइट इंजिनिअर समजा. ज्यांचे भाऊ-बहीण साइटवर नोकरी करतात त्यांना कळेल. क्रेडिट ऑफिसात आणि धूळ साइटवर.

तो एकटा नव्हता. त्याच्यासारखे आणखी काही जण होते. आर्थर शूस्मिथ लुटियन्सचा माणूस. त्याने दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये निव्वळ विटांचं एक चर्च बांधलं, १९२८ ते १९३० मध्ये. फोटो बघितला तर चर्च कमी आणि किल्ला जास्त वाटतो. दुसरा वॉल्टर जॉर्ज. तो स्वातंत्र्यानंतरही परत गेला नाही, दिल्लीतच राहिला. आणि रॉबर्ट टोर रसेल, सरकारचा चीफ आर्किटेक्ट. कॅनॉट प्लेस त्याचं. कॅनॉट प्लेसमध्ये फोटो काढलेले आपल्यापैकी खूप जण असतील, पण रसेलचं नाव? मलाही माहीत नव्हतं. लुटियन्सचं नाव मात्र दिल्लीला असं चिकटलं आहे की आता पेपरवाले सत्तेच्या आसपास वावरणाऱ्या सगळ्यांनाच 'लुटियन्स दिल्ली' म्हणतात.

मेडला स्वतःच्या नावावर पहिलं मोठं काम मिळालं ते स्पर्धा जिंकून. नव्या राजधानीत अँग्लिकन चर्च हवं होतं. मेडचं डिझाइन निवडलं गेलं. १९२७ मध्ये व्हाइसरॉय आयर्विनच्या हातून पायाभरणी झाली आणि १९३१ मध्ये ते वापरात आलं. चर्च ऑफ द रिडेम्प्शन. लोक त्याला व्हाइसरॉयचं चर्च म्हणायचे. जाणकारांना ते बघून व्हेनिसमधलं पल्लाडिओचं चर्च आठवतं. मला मात्र त्यातली एक वेगळीच गोष्ट आवडली. खिडक्या लहान आणि वर, खूप वर. का? तर दिल्लीचं ऊन थेट आत येऊ नये आणि गरम हवा वर निघून जावी. इंग्लंडमधल्या आर्किटेक्टला खिडकी मोठी करायची सवय असते, कारण तिथे ऊन मिळणं हीच चैन. मेडने दिल्लीत आठ-दहा उन्हाळे काढले होते. त्याला कळलं होतं की इथे चैन म्हणजे सावली.

म्हणून "मेड इन इंग्लंड की मेड इन इंडिया" या प्रश्नाला मी सेमिनारमध्ये उत्तर दिलं, "असेंबल्ड इन इंडिया." मागच्या बेंचवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. असो.

त्याचं दुसरं चर्च म्हणजे कॅथलिकांचं सेक्रेड हार्ट कॅथीड्रल, गोल डाकखान्याजवळ. पायाभरणी १९२९, बांधकाम १९३० पासून. आणि इथे मला शॉकच बसला. कारण दहावीत असताना आमची शाळेची ट्रिप दिल्लीला गेली होती, आणि सिस्टरनी आम्हाला त्या कॅथीड्रलमध्ये नेलं होतं! लाल विटा, पांढरे खांब, दोन बाजूंना दोन मनोरे. शेजारी एक कॉन्व्हेंट शाळा, मुली आमच्यासारख्याच दोन वेण्या घालून. मी मागच्या बाकावर बसले होते. बाहेर लू सुटलेली, आणि आत... थंड. मला तेव्हा काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. मी मैत्रिणीला म्हटलंही होतं, "आमच्या कोर्टासारखं वाटतं गं." ती म्हणाली, "चर्चमध्ये बसून कोर्ट काय आठवतेस?" आता कळतं, मी मूर्ख नव्हते. डोकं एकच होतं.

(हे वाचून कोणी म्हणेल, जुन्या जाड भिंतींच्या सगळ्याच इमारती थंड असतात. हो, असतात. थर्मल मास आम्हालाही शिकवला आहे. पण दहावीत मला थर्मल मास माहीत नव्हता आणि मला कोर्टच आठवलं, आमच्या गावचं देऊळ नाही. एवढंच माझं म्हणणं.)

आता नागपूर. आपला भाग तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. गोंदिया जिल्हा तर नव्हताच, तो १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. प्रांताची राजधानी नागपूर, पण हायकोर्ट नव्हतं. ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट स्थापन झालं. सर गिल्बर्ट स्टोन पहिले चीफ जस्टिस. बरोबर एका वर्षाने, ९ जानेवारी १९३७ ला, गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी नव्या इमारतीची पायाभरणी केली. डिझाइन मेडचं. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या हस्ते उद्घाटन झालं. तो या इमारतीला दगडातली कविता म्हणाला. नागपूरच्या वकिलांना हे व्हाइसरॉयचं वाक्य पाठ असतं. कविता कोणाची ते विचारलं की इकडे-तिकडे बघतात. मी तीन वकिलांना विचारलं. एक म्हणाले लुटियन्स, एक म्हणाले "पीडब्ल्यूडी असेल," आणि तिसरे आमचेच जुने वकीलसाहेब. ते म्हणाले, "बेटा, एवढी वर्षं इथे येतो, पण हे कधी विचारलंच नाही."

आकडे सांगितल्याशिवाय सिव्हिलवाल्यांना चैन पडत नाही, म्हणून सांगते. इमारत ४०० फूट लांब, २३० फूट रुंद. मधला घुमट सोडला तर उंची साधारण ५२ फूट, म्हणजे जवळपास सोळा मीटर. मूळ अंदाजपत्रक ७,३७,७४६ रुपये. मी कॅल्क्युलेटर काढून ४०० गुणिले २३० केलं, ९२,००० चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला आठ रुपये! अर्थात हा हिशोब ढोबळ आहे. दोन मजले आहेत, आणि मध्ये सगळं भरीव नाही, आत बागेचा चौक सोडलेला आहे. पण शेवटच्या सहा रुपयांसकट अंदाजपत्रक काढणारा माणूस कोण असेल याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या एस्टिमेशनच्या पेपरात उत्तर शंभराच्या पटीत आलं तरी आम्ही खूश.

घुमटाबद्दल थोडं टेक्निकल. (सर हे वाचत असतील.) घुमट वरून शांत दिसतो, पण तो खाली बाहेरच्या बाजूला ढकलत असतो. वरच्या भागात सगळं दाबात असतं, खालच्या कडेला मात्र ताण येतो, आणि कडं नीट बांधलेलं नसेल तर घुमट खालून फाकतो. आंब्याची टोपली आठवा. वरून वजन ठेवलं की खालची वीण पसरते, म्हणून बुरूड शेवटचं कडं जाड बांधतो. एवढा मोठा घुमट पेलायचा म्हणजे खाली काहीतरी भक्कम पाहिजे. ज्या हॉलमध्ये आजोबा मान वर करून उभे राहायचे, तिथल्या भिंती इतक्या जड का वाटतात, त्याचं हे एक कारण. त्या जडपणाचा दुसरा फायदा म्हणजे तो गारवा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते त्या आतल्या बागेने आणि व्हरांड्यांनी. कोर्ट म्हणजे वाट पाहायची जागा. जजसाहेब आत बसतात, वकील धावतात, आणि पक्षकार नुसता थांबतो. नकाशा काढताना त्या थांबणाऱ्या माणसासाठी सावली काढली की नाही, यावर माझ्या मते आर्किटेक्टची परीक्षा असते. मेड साहेबी राज्याचा नोकर होता, त्याने ती इमारत सरकारचा रुबाब दाखवायलाच बांधली, हे मला कळतं. घुमट कशासाठी असतो? खालचा माणूस लहान वाटावा म्हणूनच. माझे आजोबा तिथे लहान वाटायचेही. पण त्यांना घामाघूम मात्र व्हावं लागलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच नकाशातल्या आहेत, आणि त्यातली कोणती मोठी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेडचं पुढे काय झालं? १९३९ मध्ये रसेलनंतर तो भारत सरकारचा चीफ आर्किटेक्ट झाला. वीस वर्षं वाट पाहून सगळ्यात वरची खुर्ची मिळाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. युद्धात कोण घुमट बांधतो? दिल्लीत तेव्हा युद्धाच्या कचेऱ्यांसाठी तात्पुरत्या बराकी उठत होत्या. मग १९४७. राज्यच संपलं, आणि त्याची नोकरीही. १९७७ मध्ये तो वारला. दिल्लीत दोन चर्चेस आणि नागपुरात एक कोर्ट, एवढं त्याच्या नावाने ठळकपणे सांगता येतं. प्लेसमेंटच्या भाषेत बोलायचं तर पॅकेज चांगलं मिळालं, पण रिसेशनमध्ये.

इमारतीचंही नशीब तसंच. राजधानीचं हायकोर्ट म्हणून ती बांधली. सोळा वर्षांनी, १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूर राजधानी राहिली नाही. नागपूर करारात, १९५३ साली, हायकोर्टाचं खंडपीठ नागपुरात राहावं हे लिहून घेतलं होतं म्हणून निदान न्यायाधीश तिथे राहिले. नंतर दोन बाजूंना दोन जोड इमारती आल्या. राजधानी गेली तरी घुमट मात्र राजधानीच्या मापाचाच राहिला.

आता जरा माझं. मला आर्किटेक्चरलाच जायचं होतं. हे मी वर्गात कोणाला सांगितलेलं नाही, आता छापूनच येतंय. बारावीनंतर ड्रॉइंगची परीक्षा दिली, मार्क बरे होते. पण ऑप्शन फॉर्म भरताना एका क्लासवाल्याच्या सांगण्यावरून मी कॉलेजांचा क्रम चुकवला आणि पहिल्या राउंडला हातात काही आलं नाही. दुसऱ्या राउंडला लांबचं एक कॉलेज लागलं, फी ऐकून बाबा गप्प झाले. बाबा ओरडले असते तर भांडता आलं असतं. ते गप्पच झाले. मग घराजवळचं सिव्हिल.

आणि या सिव्हिलची फी कुठून आली माहीत आहे? मी बारावीत असताना आमच्या अपिलाचा निकाल लागला. आजोबांनी मागितलं होतं तेवढं नाही, पण मोबदला वाढला. व्याजासकट पैसे आले. आजोबा त्याच्या आदल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत गेले होते. निकालाचा कागद मीच वाचला. आजी, बाबा, काका सगळे ओसरीवर बसलेले, आणि मी इंग्लिशमधून मराठी करत होते. 'पार्टली अलाउड' आलं तेव्हा मी थांबले. सवयीने तोंडात आलं होतं, "अर्धं ऐकलं."

म्हणजे हिशोब असा: आजोबांच्या सगळ्यात चांगल्या बांध्या गेल्या नहरात, नहरीचे पैसे आले कोर्टातून, आणि कोर्टाच्या पैशांतून मी शिकतेय नहर कशी खोदतात ते. थर्ड इयरला इरिगेशन इंजिनिअरिंगचा पेपर आहे. त्यात कालव्याच्या आखणीवर प्रश्न येतो. अलाइनमेंट शक्यतो सुपीक जमीन टाळून करावी, असं उत्तरात लिहिलं की एक मार्क मिळतो. मी ते वाक्य दर वेळी पहिलं लिहिते.

सेमिनारसाठी मी या फेब्रुवारीत पुन्हा नागपूरला गेले. एकटीच, तीच गाडी. गेटवर पास काढला, फोटो काढायची परवानगी नव्हती, म्हणून वहीत स्केच काढत व्हरांड्यात बसले. कोर्टात काम नसताना कोर्टात बसायची माझी पहिलीच वेळ. शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली, बरोबर सुनेसारखी कोणीतरी. देवरीकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. हातात घडी घातलेला कागद. तिने माझ्या वहीत डोकावून विचारलं, "तू वकील हायेस का बाई?"

"नाही आजी, इंजिनिअरिंगला आहे."

"मंग इथं का करून राहिली?"

मी म्हटलं, "ही बिल्डिंग काढतेय. कोणी बनवली ते लिहायचं आहे."

तिने कागद पुढे केला. "आधी हे वाच. आमचा नंबर कोठं हाये?"

मी वाचला. कोर्ट नंबर बघितला आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. परत येईपर्यंत माझ्या जागेवर दुसरं कुटुंब बसलं होतं, डबा उघडून. स्केच अर्धंच राहिलं. सेमिनारमध्ये तेच दाखवलं. पंचवीसपैकी सतरा मिळाले. ग्रीन काँक्रीटला एकवीस.

घरी आल्यावर आजीला सांगितलं, "ते कोर्ट ज्याने डोक्यात आणलं त्याचं नाव सापडलं. मेड."

"मेट?" आजी म्हणाली. आमच्याकडे साइटवर मजुरांच्या मुकादमाला मेट म्हणतात.

मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं."

निकालाची प्रत आजीच्या लोखंडी पेटीत आहे, सातबारा आणि आजोबांच्या टोपीसोबत. मी ती काढून मागच्या कोऱ्या पानावर नाव लिहिलं: हेन्री अलेक्झांडर नेस्बिट मेड, १८९२ ते १९७७. मराठीत लिहिलं. आजीने बघितलं आणि ओरडली, कोर्टाच्या कागदावर असं काहीबाही लिहू नये, गुन्हा लागतो.

पेन्सिलनेच लिहिलंय, म्हटलं.